कापडाखालचा हात

भरतकामाचा प्रत्येक टाका अर्धा दिसतो, अर्धा दिसत नाही. सुई वरून खाली जाते तेव्हा डोळे तिच्यावर असतात. खालून वर येते तेव्हा मात्र मध्ये ताणलेलं कापड असतं. तरी सराईत बाईची सुई गप्पा मारता मारता हव्या त्याच भोकातून वर येते. क्रॉस स्टिचसाठी घेतात ते १४ काउंटचं मॅटी बघा. इंचाला १४ घरं, म्हणजे एक घर जेमतेम १.८ मिलिमीटरचं. बोटाच्या टोकाला दोन टाचण्या एकदम टेकवल्या, तर त्या दोन आहेत हे कळायला त्यांच्यात साधारण २ मिलिमीटर अंतर लागतं. आणि आपला हात नेमका कुठे आहे, याचा न बघता केलेला अंदाज तर सेंटिमीटरच्या हिशेबात चुकतो. मग खालचा हात ते भोक शोधतो कसा?

सांगली-मिरजेकडे याचं उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. धारवाड जवळ, आणि सोयरीक त्याहून जवळ. त्यामुळे कर्नाटकी कशिदा इथल्या घरांतून कधी परका वाटलाच नाही. इरकलीच्या पदरावर गोपुर, रथ, पालखी, तुळशीवृंदावन, हत्ती, सगळं छापा न मारता, कापडाचे धागे मोजून भरायचं. त्यातले टाके चार: गवंती, मुर्गी, नेगी आणि मेंथी. यातली मेंथी म्हणजे आपला क्रॉस स्टिचच.

मिरजेच्या माझ्या आत्याचा हात मी एकदा मुद्दाम रिंगेच्या खालून पाहिला. सुईचं टोक कापडाला टेकलं, पण लगेच घुसलं नाही. वरच्या बाजूला मोहरीएवढासुद्धा नसेल असा उंचवटा आला. टोक केसभर डावीकडे सरकलं, आणि मग अलगद वर आलं. सगळा खेळ सेकंदभराच्या आतला. तिला विचारलं तर म्हणाली, "हाताला कळतंय की." सुई सरकवली हे तिला माहीतच नव्हतं.

म्हणजे हात नेम धरून थेट भोकात सुई घालत नाही. तो अंदाजाने जवळ जातो आणि शेवटचा मिलिमीटर चाचपून काढतो. क्रॉस स्टिचची सुई बोथट टोकाची असते ती याचसाठी. धाग्यावर आपटली तर ती धागा चिरत नाही, अडते. भोकावर आली तर सरकते. अडणं आणि सरकणं यांतला फरक सुईच्या दांड्यातून बोटांपर्यंत पोचतो. एका तळहातात स्पर्श टिपणारे सुमारे १७,००० मज्जातंतू असतात, आणि ते सर्वात दाट बोटांच्या टोकांवर. त्यांतल्या काहींच्या टोकाशी, कातडीत खोलवर, कांद्यासारख्या पापुद्र्यांच्या सूक्ष्म गाठी असतात. त्या दाबापेक्षा थरथर टिपतात, आणि सेकंदाला २०० ते ३०० कंपनांच्या आसपास सर्वात तरबेज असतात. दोरा कापडातून ओढला जाताना होणारी बारीक खरखर त्यांना कळते. खालच्या बाजूला दोऱ्याचा पीळ अडकला की डोळ्यांच्या आधी बोटं थांबतात ती यामुळेच.

हत्यार हातात बराच वेळ राहिलं की मेंदू त्याला हाताचाच भाग धरू लागतो. जपानमध्ये आत्सुशी इरिकी आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली माकडांना लांबचा खाऊ ओढायला दाताळं वापरायला शिकवलं. हाताजवळची वस्तू दिसली की जागे होणारे मेंदूतले काही मज्जापेशी, सवयीनंतर दाताळ्याच्या टोकाजवळची वस्तू दिसली तरी जागे होऊ लागले. भरतकाम करणारीला स्पर्श सुईच्या टोकाशी होतोय असं वाटतं, ते उगीच नाही.

आता ओढ. टाका सैल राहिला तर तो उसवल्यासारखा दिसतो, जास्त ओढला तर मॅटीचं भोक रुंदावतं आणि कापड चुणतं. ही ओढ कुणी शब्दांत शिकवू शकत नाही. स्वीडनमध्ये योहान्सन आणि वेस्टलिंग यांनी १९८४ साली लोकांना एकच वस्तू चिमटीत उचलायला दिली. तिला कधी सँडपेपर लावला, कधी स्वेड चामडं, कधी रेशीम. वस्तू जितकी निसरडी, तितकी पकड आपोआप घट्ट होत गेली. आणि ती नेहमी निसटण्याच्या हद्दीपेक्षा थोडीशीच जास्त असे, उगाच जोर नाही. बोटं औषधाने बधिर केल्यावर हे तारतम्य गेलं. सुती दोऱ्यावरून रेशमावर गेल्यावर पहिले काही टाके बिघडतात आणि मग हात सावरतो, त्यामागे हीच यंत्रणा आहे.

सावरतो म्हणजे काय करतो? प्रत्येक हालचालीआधी मेंदू आता हाताला काय जाणवेल याचा अंदाज बांधतो आणि प्रत्यक्षात जे जाणवलं त्याच्याशी तो ताडून बघतो. जुळलं तर बातमीच नाही. नाही जुळलं तर पुढची हालचाल किंचित बदलते. हे काम मुख्यतः मानेच्या वर, डोक्याच्या मागच्या बाजूला असलेल्या छोट्या मेंदूचं. आकाराने छोटा, पण मेंदूतल्या सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशींपैकी ६,९०० कोटी एकट्या त्याच्यात असतात. माझ्या मते, न दिसणारा अर्धा टाका हीच भरतकामाची खरी शाळा आहे. डोळे मदतीला नसल्यामुळे हाताला अंदाज बांधणं आणि दुरुस्त करणं भागच पडतं, तेही एका रुमालात हजारो वेळा. आपण ज्याला उपजत म्हणतो ते या दुरुस्त्यांतून साठलेलं असतं.

हा साठा आठवणींच्या कप्प्यात नसतो. कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर यांनी एच. एम. या रुग्णाला आरशात बघून ताऱ्याची आकृती गिरवायला दिली. अपस्मारासाठी १९५३ साली झालेल्या शस्त्रक्रियेनंतर त्याच्या नव्या आठवणी टिकत नव्हत्या. तीन दिवसांत त्याचा हात सुधारत गेला. आपण हे आधी केलंय, हे मात्र त्याला दर वेळी आठवत नव्हतं.

हात असा स्वतंत्र झाला की डोकं मोकळं होतं, आणि कशिद्यात त्याला भरपूर काम असतं. गवंतीत जाताना एक सोडून एक टाका घालायचा, परतताना मधल्या रिकाम्या जागा भरायच्या. दोन्ही बाजूंनी नक्षी सारखी, गाठ कुठेही नाही. प्रत्येक रेघेवरून दोनदा जायचं असल्यामुळे कितीही फाटे फुटलेली नक्षी, ती सलग असली की, दोरा न तोडता सुरुवातीच्या जागी परत येऊन पूर्ण करता येते. हे गणिताने सिद्ध होतं, आणि इथल्या बायका ते गणिताचं नावही न घेता वापरत आल्या आहेत.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीतही दोऱ्याचंच काम चालतं. तंबोऱ्याच्या घोडीवर, तारेखाली सुताचा बारीक दोरा असतो. तो केसभर पुढेमागे सरकवून जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा झंकार, खुलवतात. तिथे दुरुस्ती कानाने होते, सरकवणारी बोटं मात्र याच जातीची.

शस्त्रक्रियेवर तर भरतकामाचं सरळ ऋण आहे. १८९४ साली फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांना लियाँ शहरात भोसकलं गेलं. यकृताकडे जाणारी मोठी शीर कापली गेली होती, आणि ती शिवता येईल असं तंत्रच तेव्हाच्या शल्यविशारदांकडे नव्हतं. त्याच शहरात शिकणाऱ्या अलेक्सी कारेलने मादाम लेरूदिए या भरतकाम करणाऱ्या बाईंकडे जाऊन बारीक सुई चालवायचे धडे घेतले. रक्तवाहिन्या जोडण्याची त्याची पद्धत १९०२ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि १९१२ मध्ये त्याला नोबेल मिळालं. मिरजेत डॉ. वॉनलेस यांचं मिशन हॉस्पिटल उभं राहिलं ते साल १८९४च. तेव्हापासून डॉक्टरांचं गाव म्हणून नाव मिळवलेल्या या गावात कारेलची गोष्ट प्रत्येक शाळेत सांगायला हवी. लंडनमध्ये शल्यविद्या शिकवणारे रॉजर नीबोन यांनी २०१८ साली जाहीरपणे काळजी व्यक्त केली, की हुशार विद्यार्थी येतात, पण टाके घालायची त्यांच्या हातांना सवय नसते. आपल्याकडे कार्यानुभवाच्या तासाला मॅटीचा रुमाल बहुतेक वेळा मुलींच्याच वाट्याला आला, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

वय वाढतं तशी बोटांच्या टोकांची तीक्ष्णता कमी होते. दृष्टिहीन आणि स्पर्शाने वाचणाऱ्या माणसांत ती उतारवयातही चांगली टिकते, असं अभ्यासात दिसलं आहे. कामातली बोटं निवृत्त करू नयेत, हे त्यावरून मला पटतं. मात्र चष्म्याचा नंबर ठीक असूनही सुई हाताला लागेनाशी झाली, अंगठा आणि शेजारची दोन बोटं रात्री बधिर होऊ लागली, मुंग्या येऊ लागल्या, तर ते वयावर ढकलू नका. मनगटात मज्जातंतू दबल्याने असं होतं, मधुमेहानेही बोटं बधिर होतात, आणि दोन्हींवर वेळेत उपाय करता येतो.