माशीला माशी : रुग्णालयात जिवाणूचा माग कसा काढतात

"त्यांच्या अंगाला अँटिबायोटिकची सवय झालीय, आता औषध लागूच पडत नाही." आयसीयूबाहेरच्या बाकांवर हे वाक्य मी अनेकदा ऐकलं आहे. सांगणारा कळवळून सांगत असतो, पण समजूत चुकीची आहे. प्रतिरोध माणसाच्या अंगात तयार होत नाही, तो जिवाणूत असतो. कोट्यवधी जिवाणूंपैकी एखाद्याकडे औषधाला तोंड देण्याची सोय असते. औषधानं बाकीचे मेले की मोकळ्या रानात त्याचीच प्रजा वाढते. अंगाला सवय झाली असती, तर दुखणं त्या एका माणसापुरतं राहिलं असतं. प्रतिरोधक जिवाणू मात्र शेजारच्या खाटेवरच्या पेशंटकडे जातो, आणि त्या पेशंटनं आयुष्यात अँटिबायोटिकची एक गोळी घेतली नसली तरी त्याचा उपयोग होत नाही.

म्हणून रुग्णालयापुढे दोन कामं असतात : जिवाणू प्रतिरोधक आहे का हे ओळखायचं, आणि तो कुणाकडून कुणाकडे गेला हे शोधायचं. पहिलं काम आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी होतं आणि नेटकं होतं. पेशंटच्या रक्तातून किंवा लघवीतून वाढवलेला जिवाणू काचेच्या किंवा प्लास्टिकच्या बशीत, अगारच्या (जिवाणू वाढवायच्या जेलीच्या) थरावर सारखा पसरतात. त्यावर कागदाच्या 6 मिलिमीटर व्यासाच्या चकत्या ठेवतात, प्रत्येकीत वेगळं औषध. बशी रात्रभर 35 अंशांवर ठेवली की सकाळी सगळीकडे सायीसारखा थर धरलेला असतो आणि औषध चाललं त्या चकतीभोवती स्वच्छ गोल खळं पडलेलं असतं. तंत्रज्ञ पट्टी लावून त्या खळ्याचा व्यास मोजतो. मेरोपेनेम हे बाकीची औषधं हरल्यावर वापरायला राखून ठेवायचं औषध. क्लेबसिएलासारख्या आतड्यातल्या जिवाणूवर त्याचं खळं 23 मिलिमीटर किंवा जास्त भरलं तर औषध चालेल, 19 किंवा कमी भरलं तर नाही. कल्चर रिपोर्टवर औषधाच्या नावापुढे जो 'एस' (औषध चालेल) किंवा 'आर' (जिवाणू प्रतिरोधक) छापलेला असतो, त्याच्यामागे हे मोजमाप असतं. थर थेट चकतीला येऊन भिडलेली बशी पहिल्यांदा पाहिली, तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला होता.

पण समजा, एका महिन्यात एकाच आयसीयूत पाच पेशंटांच्या रिपोर्टवर क्लेबसिएला आला आणि पाचही जणांच्या मेरोपेनेमपुढे 'आर'. ही एकच साथ खाटेवरून खाटेवर पसरली, की पाच जण पाच ठिकाणांहून आपापला जिवाणू घेऊन आले? बशी हे सांगू शकत नाही, पाचही बश्या सारख्याच दिसतात. आणि दोन्ही शक्यतांचे उपाय वेगळे आहेत. पहिली खरी असेल तर हात, नळ्या, यंत्रं, मोऱ्या तपासायच्या. दुसरी खरी असेल तर दाखल होतानाच प्रत्येकाचा स्वॅब घ्यायचा. इथून पुढे मला सगळ्यात आवडणारा भाग सुरू होतो.

कारकुनाची जुनी गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. साहेबानं कागदाची हुबेहूब नक्कल करायला सांगितली. मूळ कागदावर एक माशी चिकटून मेलेली होती, तर यानं दुसरी माशी मारून नकलेत नेमक्या त्याच जागी चिकटवली. माशीला माशी! आपण ही गोष्ट त्याच्या अकलेवर हसायला सांगतो, पण त्या माशीत मोलाची माहिती आहे. अशा दहा नकला हाती आल्या आणि चारांवर त्याच जागी माशी असली, तर त्या चारही माशीवाल्या कागदाच्या वंशातल्या. त्यांतल्या दोघींत शिवाय 'घर'च्या जागी 'घार' झालं असेल, तर त्या दोघी आणखी जवळच्या. चूक पुढच्या नकलेत वारशानं उतरते, आणि चुका जुळवत गेलं की वंशवृक्ष उभा राहतो.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती याच तत्त्वावर झाली. 1919 मध्ये सुरू झालेलं काम 1966 पर्यंत चाललं. विष्णु सीताराम सुकथनकर आणि त्यांच्यानंतरच्या संपादकांनी देशभरच्या पोथ्यांमधले पाठभेद ओळीमागून ओळ मांडून पोथ्यांची घराणी लावली.

जिवाणूही दर पिढीला आपल्या डीएनएची नक्कल करतो. क्लेबसिएलाची पोथी सुमारे 60 लाख अक्षरांची, आणि अक्षरं चारच. नक्कल विलक्षण काटेकोर होते, तरी कुठे तरी एखादं अक्षर चुकतं आणि ती चूक सगळ्या वंशजांत उतरते. वर्षभरात अशा मोजक्याच चुका साठतात. दोन पेशंटांकडच्या जिवाणूंत एक-दोन अक्षरांचा फरक निघाला तर लागण एकमेकांतली, किंवा दोघांना अलीकडे एकाच ठिकाणाहून झालेली. फरक शेकड्यांनी निघाला तर त्यांचा एकमेकांशी अलीकडचा संबंध नाही.

2011 मध्ये अमेरिकेत मेरीलँडमधल्या बेथेस्डा इथे राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या रुग्णालयात हे प्रत्यक्ष घडलं. जूनमध्ये न्यूयॉर्कहून एक बाई तिथे दाखल झाली. तिच्याकडे मेरोपेनेमच्या गटाला न जुमानणारा क्लेबसिएला आहे हे आधीच कळलं होतं. तिला वेगळं ठेवलं, गाऊन-हातमोज्यांचे नियम कडक केले. जुलैत ती घरी गेली, कुणालाही लागण झालेली दिसली नव्हती. ती गेल्यावर तीन आठवड्यांनी दुसऱ्या पेशंटमध्ये क्लेबसिएला सापडला, मग तिसऱ्यात. अखेर एकूण 18 जणांत तो निघाला. त्यांतले 11 दगावले, आणि त्यांतल्या सहांचा मृत्यू या संसर्गानं झाला असं डॉक्टरांनी ठरवलं.

तीन आठवड्यांचं अंतर पाहता दुसरा पेशंट आपला जिवाणू वेगळीकडून घेऊन आला असेल, असं वाटणं साहजिक होतं. जुन्या पद्धतीनं डीएनएचे तुकडे करून त्यांचे पट्टे जुळवून उपयोग नव्हता, कारण अमेरिकेत पसरलेल्या या वाणाचे पट्टे जवळपास सारखेच दिसतात. म्हणून प्रत्येक पेशंटच्या जिवाणूची सबंध पोथी वाचली. साठ लाख अक्षरांत सगळ्यांचे मिळून फक्त 41 जागी पाठभेद निघाले. म्हणजे साथ एकच आणि उगम ती पहिली बाई. पण तिच्या शरीरातल्या वेगवेगळ्या जागांवरचे नमुने वाचल्यावर त्यांच्यातही आपसात फरक होते! एकाच पेशंटमध्ये जिवाणूच्या दोन-तीन शाखा नांदत होत्या आणि पुढच्या पेशंटांकडचे पाठभेद वेगवेगळ्या शाखांशी जुळत होते. त्यावरून ठरलं की तिच्याकडून जिवाणू एकदा नव्हे, तीन वेगवेगळ्या वेळी बाहेर गेला. मधले तीन आठवडे तो गायब नव्हता, कुणाच्या तरी आतड्यात कसलंही लक्षण न दाखवता बसला होता. असे मूक वाहक फक्त स्वॅब घेतल्यावर सापडतात. स्वच्छ केलेल्या एका व्हेंटिलेटरवर आणि सिंकच्या मोऱ्यांतही तो सापडला.

मात्र पोथी फक्त नातं सांगते. जिवाणू कसा गेला हे सांगायला कोणता पेशंट कोणत्या दिवशी कोणत्या खाटेवर होता याची नोंदवही लागते. रुग्णालयाचं ते साधं रजिस्टर नीट भरलेलं नसेल, तर लाखोंच्या यंत्रातून आलेलं उत्तर अर्धंच राहतं.

इथे एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. पेशंटच्या उशाशी अंगाऱ्याची पुडी असते. भेटायला येणारा प्रत्येक जण लिफ्टची बटणं आणि दाराच्या कड्या हाताळून आलेल्या बोटांनी तोच अंगारा पेशंटच्या कपाळाला लावतो आणि मग सलाईनची नळी सरळ करतो. श्रद्धेमागचं प्रेम मला दिसतं, पण अंगारा जिवाणू मारत नाही, आणि ती बोटं त्याला घेऊन येऊ शकतात. 'हळदीनं सुपरबग नष्ट' अशी फिरणारी पोस्टही तशीच. बशीत एखाद्या पदार्थाभोवती खळं पडणं आणि माणसाच्या रक्तातला जिवाणू मरणं यांत फार मोठं अंतर आहे.

आता थोडा अवघड भाग, पण तो टाळता येत नाही. पोथ्यांत नकलेच्या चुकांखेरीज प्रक्षिप्त मजकूरही असतो : एका पोथीतला अख्खा प्रसंग उचलून दुसऱ्या घराण्याच्या पोथीत घातलेला. जिवाणूंत हे काम प्लाझ्मिड करतं. हे मुख्य डीएनएपासून सुटं असलेलं, बहुधा कड्यासारखं डीएनए. एक जिवाणू ते दुसऱ्याला देतो, अगदी वेगळ्या जातीच्या जिवाणूलाही. मेरोपेनेमची रचना तोडणारं एनडीएम-1 (न्यू डेल्ही मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज) हे विकर, म्हणजे एन्झाइम, बनवणारा जीन प्लाझ्मिडवरून फिरतो. 2008 मध्ये स्वीडनमध्ये तपासलेल्या, आधी दिल्लीत उपचार घेतलेल्या भारतीय वंशाच्या पेशंटमध्ये तो प्रथम ओळखला गेला. तेव्हाच तो क्लेबसिएला आणि आतड्यातलाच दुसरा जिवाणू ई. कोलाय अशा दोन्हींत होता. पुढे नावात 'दिल्ली' आल्यावरून मोठा वाद झाला. पण मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी 2010 च्या मार्चमध्येच छापलं होतं, की त्यांनी तपासलेल्या 24 प्रतिरोधक नमुन्यांपैकी 22 मध्ये एनडीएम-1 आहे. नावावर भांडण्यापेक्षा त्या 22 कडे लक्ष द्यायला हवं होतं.

अशा वेळी 41 पाठभेदांची युक्ती तोकडी पडते. एका खाटेवर क्लेबसिएला, शेजारच्या खाटेवर ई. कोलाय. दोघांच्या पोथ्या वेगळ्या, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही असंच उत्तर येतं. तरी प्रक्षिप्त मजकूर एकच असू शकतो. त्यासाठी प्लाझ्मिड वेगळं काढून सबंध वाचावं लागतं. जुनी यंत्रं डीएनएचे शे-दोनशे अक्षरांचे तुकडे वाचायची, आणि मजकुरात त्याच त्याच ओळी पुन्हा येत असल्यानं कोणता तुकडा कुठला हे कळायचं नाही. आताची काही यंत्रं हजारो अक्षरं सलग वाचतात. कडं सुरुवातीपासून शेवटपर्यंत जुळतं, आणि शेजारच्या दोन खाटांवरच्या दोन वेगळ्या जिवाणूंत तीच माशी, त्याच जागी, चिकटलेली दिसते.