बालपणाचं वय कोणी ठरवलं?

18 वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक, ही व्याख्या आज आपण जन्मसिद्ध असल्यासारखी वापरतो. ती 1989 च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क कराराने जगभर रुजवली. भारताने हा करार 1992 मध्ये स्वीकारला. त्याआधी मूल कधी ‘मोठं’ होतं, हे त्याची जात, ते मुलगा की मुलगी आणि त्याच्याकडून कोणाला काय हवंय, यावर ठरायचं.

गौतम धर्मसूत्राप्रमाणे मुंजीआधी मुलाने वाटेल तसं वागावं, बोलावं, खावं. ही मोकळीक साधारणपणे ब्राह्मणाच्या मुलाला आठव्या वर्षापर्यंत, क्षत्रियाच्या अकराव्या आणि वैश्याच्या बाराव्या. शूद्रांना मुंज नाहीच. मुलींच्या बाबतीत मनुस्मृतीने लग्न हाच संस्कार ठरवला.

इंग्रजांनी संस्काराऐवजी वयाचे आकडे आणले, पण तेही एकमेकांशी जुळत नव्हते. 1860 च्या दंडसंहितेत सात वर्षांखालच्या मुलाच्या हातून गुन्हा होऊच शकत नव्हता, आणि शरीरसंबंधाला मुलीची संमती मात्र दहाव्या वर्षी ग्राह्य होती. 1881 च्या कारखाना कायद्याने सातव्या वर्षापासून गिरणीत कामाला परवानगी दिली. बारा वर्षांपर्यंत दिवसाला नऊ तास. म्हणजे त्या काळच्या मुंबईत आठ वर्षांची पोर कायदेशीर कामगार होती आणि आणखी दोन वर्षांत तिची शरीरसंबंधाला संमतीही कायदेशीर.

याच मुंबईत रखमाबाईंचा खटला उभा राहिला. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाई नवऱ्याकडे नांदायला गेल्या नाहीत, म्हणून 1884 मध्ये त्याने दावा लावला. जाणतेपणी होकार न दिलेलं लग्न मला बांधील नाही, हा त्यांचा मुद्दा होता. 1887 मध्ये न्यायालयाने सांगितलं: नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. पुढच्या वर्षी तडजोड झाली आणि त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. 1890 मध्ये कलकत्त्यात फुलमणी या बालवधूच्या मृत्यूचा खटला चालला. तिने दहा वर्षं ओलांडली होती, त्यामुळे नवऱ्यावर बलात्काराचं कलम लागलं नाही.

1891 मध्ये संमतिवय 12 झालं. टिळक कायद्याच्या विरोधात, आगरकर आणि भांडारकर बाजूने. पुणं पेटलं होतं. त्याच वर्षी गिरणीतलं किमान वय नऊ झालं. त्यावर मात्र धर्म बुडाल्याची ओरड झाली नाही. तिथे खरा दबाव लँकेशायरच्या गिरणीमालकांचा होता, त्यांना मुंबईचा स्वस्त माल खुपत होता.

मुलींचं लग्नाचं वय 1929 च्या सारडा कायद्याने 14, मग 1949 मध्ये 15 आणि 1978 मध्ये 18 झालं.

बालपणाचा हा 18 चा आकडा आजही सगळीकडे सारखा बसत नाही. 1990 च्या आफ्रिकी बालहक्क सनदेत हक्कांसोबत मुलांची कर्तव्यंही आहेत: आईवडिलांचा मान राखणं, घराला हातभार लावणं. बोलिव्हियात कामकरी मुलांच्या संघटनांनीच रेटा लावला आणि 2014 मध्ये काही अटींवर दहाव्या वर्षापासून कामाला मुभा मिळाली. ती 2018 मध्ये मागे घेतली गेली.

आणि आपल्याकडे बीडच्या ऊसतोड मजुरांना मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) मिळते ती कोयत्यावर, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीवर. त्यामुळे मुलीचं लग्न 18 च्या आत उरकण्यामागे रूढीइतकाच मुकादमाचा हिशोबही असतो.