गोदावरीचं पाणी आणि ६५ टक्क्यांचा आकडा

ब्रह्मगिरी, कुशावर्त, रामकुंड हे नाशिककरांना सांगायला नको. गोदावरीचा प्रवास सांगताना मात्र तपोवनापुढची गंगा बहुतेकदा राहूनच जाते. खरी गोदावरी तिथून पुढे भरते. दारणासांगवीला दारणा मिळते, नांदूर मध्यमेश्वरला कादवा. इगतपुरी-त्र्यंबकच्या डोंगरांत धो-धो पाऊस आणि तिथून फार लांब नसलेल्या निफाड-सिन्नरमध्ये त्याच्या पाव हिश्शाचीही मारामार, असं हे खोरं आहे. घाटमाथ्यावरचं पाणी अडवून खाली न्यायचं, ही कल्पना ब्रिटिशांची. नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आणि १९१६ मध्ये पूर्ण झालेलं दारणा धरण त्यातूनच आलं. तिथून निघालेल्या कालव्यांवर कोपरगाव-राहात्याचा ऊस उभा राहिला. १९६५ मध्ये गंगापूर धरण झालं, १९७६ मध्ये पैठणला जायकवाडी. त्यानंतर वर मुकणे, भावली, भाम, वाकी अशी धरणं होत राहिली. पैकी बरंचसं पाणी जलद कालव्याने वैजापूर-गंगापूर तालुक्यांना, म्हणजे मराठवाड्यालाच जातं. वरचं नाशिक-नगर आणि खालचा मराठवाडा यांच्यात पाण्यावरून वाद पेटला की हे कुणी बोलत नाही.

वादाचं मूळ राज्याच्या २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात आहे. टंचाई आली तर खोऱ्यातल्या सर्वांनी ती सारखी सोसावी, म्हणजेच समन्यायी वाटप, हे तत्त्व त्यात आलं. तत्त्वाला कुणाचा विरोध नव्हता. २०१३ मध्ये एका समितीने त्याचं गणित मांडलं आणि २०१४ मध्ये नियामक प्राधिकरणाने आदेश काढला: १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त, म्हणजे वापरता येणारा साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल, तर वरच्या धरणांनी ठरल्या कोष्टकाप्रमाणे पाणी सोडायचं. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, २०१६ मध्ये वाटपाचं तत्त्व कायम राहिलं.

हा आकडा धरणाच्या मोजपट्टीवर सरळ दिसत नाही, हीच गोम आहे. खरिपात जायकवाडीतून उपसलेलं पाणीही त्यात मिळवतात. २०२३ मध्ये प्रत्यक्ष साठा ४७ टक्क्यांच्या आसपास होता, खरीप वापर धरून तो ५७ च्या वर गेला. तरीही तूट निघाली आणि ८.६ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडण्याचा आदेश झाला. त्यात मोठा वाटा नगरच्या मुळा-प्रवरेवरच्या धरणांचा होता, नाशिकच्या गंगापूर धरणसमूहाचा जेमतेम अर्धा टीएमसी. तरी मोर्चे नाशकात निघालेच. आपल्याकडचा राग अगदीच पोकळ मात्र नाही. पावसाळा सरल्यावर कोरड्या पात्रातून पाणी पाठवायचं, तर वाळूत मुरणं आणि वाफ धरून वहनव्यय मोठा. म्हणून आधी कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या फळ्या काढायच्या, काठावरच्या मोटारींची वीज तोडायची, बंदोबस्त लावायचा. सायखेडा-चांदोरीच्या शेतकऱ्याने दारासमोरून जाणारं पाणी नुसतं बघत बसायचं. पैठणच्या बाजूची तक्रारही तितकीच जुनी: मूळ नियोजनात नव्हती इतकी धरणं वर झाली, मग खाली येणार काय?

अलीकडे एका अभ्यासगटाने ६५ ची मर्यादा ५८ टक्क्यांवर आणण्याची शिफारस केली. नाशिक-नगरने ती उचलून धरली, मराठवाड्याने हरकती घेतल्या. पाऊस चांगला झाला आणि जायकवाडी भरलं की मर्यादा ६५ असो की ५८, त्या वर्षी कुणी विचारत नाही.