घरगुती उपद्रवी कीटक आणि त्यांचे नियंत्रण (बेळगाव सीमाभाग)

राहत्या घरात, गोठ्यात आणि धान्याच्या साठ्यात वाढून रोगप्रसार, ॲलर्जी किंवा दंशाचा त्रास यांना कारण होणाऱ्या कीटकांना घरगुती उपद्रवी कीटक म्हणतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात डास, माशी, झुरळ, ढेकूण आणि पिसू हे त्यांतील प्रमुख होत.

डेंग्यू व चिकुनगुन्या पसरवणारा एडिस इजिप्ती हा डास दिवसा चावतो आणि गटारापेक्षा साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालणे पसंत करतो. बेळगाव शहराच्या काही प्रभागांत 2008 पासून चोवीस तास पाणीपुरवठा सुरू झाला असला, तरी नळाला रोज पाणी येत नाही तेथे अंगणातले बॅरल, परसातला हौद आणि न्हाणीघरातले पिंप भरून ठेवल्यावाचून गत्यंतर नसते, आणि डासांची खरी पैदास तेथेच होते. मादी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या आतल्या बाजूस अंडी चिकटवते. ती कोरडी राहूनही कित्येक महिने तग धरतात. त्यामुळे नुसते पाणी ओतून देणे पुरत नाही, भांडे आतून काथ्याने घासावे लागते. उबदार हवेत अंड्यापासून डास होण्यास साधारण 8 ते 10 दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळावा, म्हणजे त्या दिवशी पाण्याची सर्व भांडी रिकामी करून, घासून कोरडी करावीत. उपसता न येणाऱ्या हौदात गप्पी मासे सोडतात. धुराची गाडी गल्लीतून गेली की लोकांचे समाधान होते, परंतु त्या धुराने केवळ उडते डास मरतात, अळ्या जशाच्या तशा राहतात. कर्नाटक शासनाने 2024 मध्ये डेंग्यूला साथरोग घोषित करून डासांची पैदास होऊ देणाऱ्यांना दंडाची तरतूद केली.

माशी शेणात व उकिरड्यात वाढते आणि पायांवरून व ओकारीतून हगवण, विषमज्वर यांचे जंतू अन्नावर आणते. गोठा घराला लागून असेल तर उकिरडा तरी दूर हवा. झुरळांच्या विष्ठेने व कातीने दमा बळावतो. स्वयंपाकघरातल्या लहान तपकिरी झुरळाची मादी तीसचाळीस अंड्यांची पिशवी फुटेपर्यंत अंगावर वागवते आणि फवारा त्या पिशवीच्या आत पोहोचत नाही. फटींत ठेवलेले विषारी जेल अधिक उपयोगी पडते, मात्र त्यावर फवारा मारल्यास झुरळे त्याला तोंड लावत नाहीत.

1896 मध्ये मुंबईत उद्भवलेला प्लेग पुढे बेळगाव जिल्ह्यातही पोहोचला. उंदीर मेला की त्याच्या अंगावरील पिसवा माणसाकडे वळतात, म्हणून साथीच्या काळात उंदरांआधी पिसवा माराव्या लागतात. ढेकणांमुळे रोग पसरत असल्याचे सिद्ध झालेले नाही. त्यांचा त्रास खाज आणि झोपमोड एवढाच. पण त्यांच्यासाठीच घरोघरी सर्वांत घातक उपाय योजले जातात. शेतावरचे कीटकनाशक गादीवर शिंपडणे जिवावर बेतू शकते. त्याऐवजी चादरी कढत पाण्यात धुवाव्यात आणि खाटेच्या सांध्यांत उकळते पाणी ओतावे. धान्यात ठेवण्याच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून दमट हवेत विषारी फॉस्फिन वायू सुटतो व त्यावर उतारा नाही, त्यामुळे त्या घातलेली पोती किंवा कणगी झोपण्याच्या खोलीत कधीही ठेवू नये.