उष्णतेची खूण आणि वायू ओळखणारा कागद

तोंडावाटे देण्याच्या पोलिओ लसीच्या कुपीवर एक गडद वर्तुळ असतं आणि त्याच्या आत फिकट चौकोन. नर्सताई त्याला व्हीव्हीएम (व्हॅक्सीन व्हायल मॉनिटर) म्हणतात. उष्णता लागेल तसा चौकोन गडद होत जातो; त्याचा रंग वर्तुळाइतका झाला की कुपी बाद. १९९६ पासून वापरात असलेली ही खूण आतली लस तपासत नाही. कुपीने आजवर किती उष्णता सोसली, एवढाच हिशेब ती ठेवते.

मासळीच्या पाकिटात ठेवायचा कागदी गॅस सेन्सर तिचाच भाऊ वाटतो, पण त्याचं काम निराळं. लंडनच्या इंपीरियल कॉलेजने २०१९ मध्ये दाखवलेला सेन्सर म्हणजे साध्या सेल्युलोज कागदावर कार्बनचे इलेक्ट्रोड, खर्च सुमारे २ अमेरिकी सेंट. कागद मुळातच हवेतली ओल धरून ठेवतो. समुद्रातली मासळी नासू लागली की जिवाणूंमुळे ट्रायमेथिलअमाइन आणि अमोनिया सुटतात. हे वायू त्या ओलीत विरघळतात, आयन (विद्युतभारित कण) वाढतात आणि कागदातून वीज जास्त वाहू लागते. एरवी गॅस सेन्सरला दमटपणा नडतो. इथे त्याच्याच जोरावर काम चालतं. मला या शोधातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

म्हणून कागद सरस, असं मात्र नाही. हवा काढून बंद केलेल्या मासळीत बोट्युलिनम या विष तयार करणाऱ्या जिवाणूचे काही प्रकार ३.३ अंश सेल्सिअसच्या वर, म्हणजे फ्रिजच्या थंडाव्यातही वाढू शकतात. त्यांचं विष तयार झालं तरी मासळीला वास येईलच असं नाही. तिथे वायूवर भिस्त ठेवणं धोक्याचं. अशा मासळीला थंडावा हाच एकमेव आधार असेल, तर प्रत्येक पाकिटावर काळ-तापमानाची, म्हणजे व्हीव्हीएमसारखी, खूण हवी, असं अमेरिकेच्या एफडीएचं (अन्न व औषध प्रशासनाचं) मार्गदर्शन आहे.

उलट, होडीतच बर्फाविना पडून राहिलेली सुरमई नंतर नीट थंड ठेवली, तर पाकिटावरची खूण कोरीच दिसेल. खुणेचा हिशेब ती चिकटवल्यापासूनच सुरू होतो. आधीची हेळसांड कागदच पकडू शकतो.

त्यालाही मासळीनुसार वेगळी मर्यादा लागते. मुशीच्या (लहान शार्कच्या) अंगात युरिया भरपूर, त्यामुळे तिच्यात अमोनिया लवकर साठतो. सुरमईचा आकडा तिला लावून चालणार नाही.