बत्तीस किलोबाइट आणि अख्खं इंटरनेट

बीबीसी मायक्रो या चाळीसेक वर्षांपूर्वीच्या कॉम्प्युटरच्या पाठीमागे पाच छिद्रांचं एक गोल सॉकेट आहे. फाशावरच्या पाच ठिपक्यांसारखी छिद्रं: कोपऱ्यांत चार, मधोमध एक. मांडणी दोन्हीकडून सारखी असल्यामुळे प्लग सुलटाही बसतो आणि उलटाही. उलटा बसला की मधली ग्राउंडची तार जागच्या जागी राहते, बाकीच्या चारांची अदलाबदल होते, आणि पडद्यावर काहीच उमटत नाही. मशीन तक्रारही करत नाही. हा कॉम्प्युटर पहिल्यांदा इंटरनेटला जोडला तेव्हा माझ्या दोन संध्याकाळी प्रोग्राममधली चूक शोधण्यात गेल्या. शेवटी प्लग काढून अर्धा फिरवून लावला आणि पडद्यावर अक्षरं धावू लागली. त्या प्लगवर आता पांढऱ्या नेलपॉलिशचा एक ठिपका आहे.

हे सॉकेट म्हणजे त्या कॉम्प्युटरचं सीरियल पोर्ट. इथून माहिती एका तारेवरून, एकामागे एक बिट (म्हणजे 0 किंवा 1), अशी रांगेत जाते. केंब्रिजच्या ॲकॉर्न कंपनीने डिसेंबर 1981 मध्ये हा कॉम्प्युटर बाजारात आणला तेव्हा पोर्ट होतं प्रिंटरसाठी आणि मोडेमसाठी, म्हणजे कॉम्प्युटरला टेलिफोनच्या तारेशी जोडणाऱ्या यंत्रासाठी. आज त्याच पोर्टला काडेपेटीएवढा अडॅप्टर लावायचा, अडॅप्टरच्या दुसऱ्या टोकाला घरातल्या राउटरची इथरनेट केबल खोचायची, की तोच कॉम्प्युटर इंटरनेटवर येतो. आतल्या एकाही चिपला हात लावावा लागत नाही.

आपल्याकडे या मशीनची एक खास ओळख आहे. 1984 साली केंद्र सरकारने शाळांमध्ये संगणक साक्षरतेचा ‘क्लास’ प्रकल्प सुरू केला, त्यासाठी निवडलेला कॉम्प्युटर हाच. आज पन्नाशीत असलेल्या अनेकांनी चपला बाहेर काढून, थंडगार एसी खोलीत जाऊन, आयुष्यात पहिल्यांदा ज्या कीबोर्डला हात लावला तो काळ्या कळांचा आणि वर लाल फंक्शन कळांची ओळ असलेला बीबीसी मायक्रोचा होता. मीही त्यातलाच. त्या वेळी हा कॉम्प्युटर टेलिफोनच्या तारेवरून दुसऱ्याशी बोलू शकतो हे पुस्तकात वाचलं होतं. बघायला मात्र कुणाकडेच मोडेम नव्हता.

आधी या मशीनची ताकद समजून घेऊ. प्रोसेसर 6502, वेग 2 मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला वीस लाख ठोके. मेमरी 32 किलोबाइट. त्यातली 20 किलोबाइट ग्राफिक्सच्या मोठ्या मोडमध्ये एकटा पडदाच खाऊन टाकतो. मोबाइलवर काढलेला 2 मेगाबाइटचा साधा फोटो या मेमरीच्या साठपटीहून मोठा असतो. अशा मशीनवर इंटरनेटचे सगळे नियम सांभाळणारा प्रोग्राम चढवता येतो, पण मग बाकी कामांना जागा फारशी उरत नाही. म्हणून नियम सांभाळायचं काम अडॅप्टरकडे द्यायचं. तो दुभाषा. एका बाजूला सीरियल बोलतो, दुसऱ्या बाजूला टीसीपी/आयपी, म्हणजे इंटरनेटचे ते नियम. दोन्ही बाजूंना वाटतं, समोरचा आपल्याच भाषेत बोलतोय.

आता एक अक्षर घेऊ आणि त्याच्या मागोमाग जाऊ. कीबोर्डवर कॅपिटल ए दाबला. त्याचा क्रमांक 65, बिटांत 01000001. तार रिकामी असते तेव्हा तिच्यावर ‘1’ असतो. सुरुवात कळावी म्हणून आधी एक ‘0’ पाठवला जातो, मग आठ बिट उजवीकडून डावीकडे, आणि शेवटी पुन्हा ‘1’. एका अक्षराला असे दहा बिट. 9600 बॉडच्या, म्हणजे सेकंदाला 9600 बिटांच्या, वेगाला एक बिट तारेवर सुमारे 104 मायक्रोसेकंद टिकतो, आणि सेकंदाला 960 अक्षरं जातात. वेग ठरवायला बीबीसीवर ‘स्टार एफएक्स 7,7’ आणि ‘स्टार एफएक्स 8,7’ अशा दोन आज्ञा द्यायच्या. पहिली येणाऱ्या अक्षरांसाठी, दुसरी जाणाऱ्या.

गंमत अशी की बीबीसीला नेमका 9600 चा वेग जमत नाही. त्याचं मूळ घड्याळ 16 मेगाहर्ट्झचं. त्याला 13 ने भागून सीरियलचं घड्याळ मिळतं, आणि पुढचे भाग पाडत गेल्यावर वेग येतो 9615. अडॅप्टर मात्र 9600 धरूनच ऐकतो. तरी काही बिघडत नाही, कारण ऐकणारा प्रत्येक अक्षराच्या सुरुवातीच्या ‘0’ पाशी आपलं घड्याळ नव्याने जुळवतो आणि पुढचा प्रत्येक बिट त्याच्या मधोमध वाचतो. दहा बिटांत मिळून चूक साचते ती एका बिटाच्या दोन टक्क्यांहूनही कमी. अर्धा बिट चुकला तरच वाचन चुकेल. पुढचं अक्षर आलं की घड्याळ पुन्हा जुळतं. एवढ्या साध्या युक्तीवर जगभरातली सीरियल यंत्रं अजून चालतात.

तारेवरचा विजेचा दाबही सांभाळायला लागतो. बीबीसीचं पोर्ट आरएस 423 पद्धतीचं, म्हणजे ‘0’ साठी सुमारे अधिक 5 व्होल्ट आणि ‘1’ साठी उणे 5. होय, ‘1’ म्हणजे उणे. अडॅप्टरमधल्या आजच्या चिपा 3.3 व्होल्टवर चालतात आणि उणे दाब त्यांना सोसत नाही. थेट तार जोडली तर चिप जाते. म्हणून मध्ये मॅक्स 232 कुळातली एखादी चिप बसवतात. ती छोटे कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) भरत-रिकामे करत आपल्या साध्या पुरवठ्यातून अधिक आणि उणे असे दोन्ही दाब तयार करते. तयार अडॅप्टर घेतलात आणि त्याला नऊ पिनांचं डी आकाराचं सॉकेट असेल, तर ही चिप बहुतेक आत असतेच. नुसत्या पिना बाहेर आलेलं उघडं बोर्ड असेल तर आधी खात्री करा.

आणि सगळ्याच्याही आधी वीजपुरवठ्याचं खोकं उघडा. चाळीस वर्षांच्या मशीनमध्ये मुख्य विजेच्या वाटेवर असलेले जुने कागदी कपॅसिटर तडकतात, आत ओल शिरते, आणि चालू केल्यावर थोड्या वेळात खोलीभर धूर होतो. ज्याला विजेची माहिती आहे त्याच्याकडून ते बदलून घ्या, मगच बटण दाबा.

अडॅप्टरला आपला ‘ए’ मिळाला. तो लगेच पुढे ढकलत नाही, काही मिलिसेकंद थांबतो, आणखी अक्षरं येतात का बघतो. कारण एक अक्षर पाठवायचं तरी त्याच्याभोवती 20 बाइटचं टीसीपीचं वेष्टन, त्यावर 20 बाइटचं आयपीचं, वर इथरनेटचं. इथरनेटचं सगळ्यात लहान पाकीटही 64 बाइटचं असतं. एका अक्षरासाठी एवढा कागद फुकट घालवण्यापेक्षा चार अक्षरं एकाच पाकिटात घातलेली बरी. पलीकडून आलेल्या पाकिटांची वेष्टनं अडॅप्टर काढतो आणि आतली अक्षरं एकेक करून बीबीसीकडे सोडतो.

जुन्या मशीनला हा अडॅप्टर मोडेमच वाटतो. 1981 मध्येच आलेल्या हेज कंपनीच्या स्मार्टमोडेमने ‘एटी’ने सुरू होणाऱ्या आज्ञांची पद्धत रूढ केली. ‘एटीडीटी’ आणि पुढे फोन नंबर, की मोडेम नंबर फिरवायचा. आजचे अनेक अडॅप्टर तीच आज्ञा ऐकतात, फक्त नंबरच्या जागी सर्व्हरचं नाव लिहायचं. चाळीस वर्षांपूर्वी लिहिलेला टर्मिनल प्रोग्राम, म्हणजे दाबलेली अक्षरं पाठवणारा आणि आलेली पडद्यावर दाखवणारा प्रोग्राम, एक ओळ न बदलता इंटरनेटवर चालतो.

आता खरा प्रश्न. पलीकडचा सर्व्हर सेकंदाला कोट्यवधी बाइट ओतू शकतो. बीबीसीला सेकंदाला 960 झेपतात, आणि तेही पडद्यावर लिहिताना जरा रेंगाळला तर झेपत नाहीत. मग माहिती सांडत कशी नाही?

बीबीसीच्या ऑपरेटिंग सिस्टिमने येणाऱ्या अक्षरांसाठी 256 बाइटची एक छोटी टाकी राखून ठेवली आहे. अक्षर आलं की प्रोसेसर हातातलं काम क्षणभर सोडतो, अक्षर टाकीत टाकतो, पुन्हा कामाला लागतो. टर्मिनल प्रोग्राम दुसऱ्या बाजूने टाकी उपसत असतो. उपसा मंदावला आणि टाकीत जेमतेम नऊ बाइटची जागा उरली, की बीबीसी आरटीएस नावाच्या तारेवरचा दाब बदलतो. त्या पाच छिद्रांमधलं एक छिद्र केवळ एवढ्यासाठी आहे. त्याचा अर्थ: थांब.

अडॅप्टर अक्षरं सोडणं थांबवतो. पण इंटरनेटकडून पाकिटं येतच असतात, ती तो स्वतःच्या मेमरीत साठवतो. तीही भरत जाते. टीसीपीच्या प्रत्येक पाकिटाच्या मथळ्यात ‘विंडो’ नावाचा 16 बिटांचा रकाना असतो. त्यात ऐकणारा लिहितो, माझ्याकडे अजून एवढ्या बाइटची जागा आहे. अडॅप्टर पोच देताना तिथे लिहितो 2000, मग 800, मग शून्य. शून्य दिसल्यावर पलीकडचा सर्व्हर, तो कितीही मोठा असो, पाठवणं बंद करतो. अधूनमधून एखादं लहान पाकीट पाठवून विचारतो, जागा झाली का? झाली की अडॅप्टर नवा आकडा कळवतो आणि प्रवाह सुरू होतो.

ही रचना मला फार मोलाची वाटते. वेग किती ठेवायचा हे ऐकणारा सांगू शकतो, आणि बोलणाऱ्याने ते मानायचं असतं. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांच्या टीसीपीच्या 1974 च्या मूळ आराखड्यातही विंडोची कल्पना होती. तिचं जे रूप पुढे दशकानुदशकं प्रमाण मानलं गेलं, ते आरएफसी 793 या दस्तऐवजात लिहिलं गेलं. त्याची तारीख सप्टेंबर 1981, बीबीसी मायक्रो बाजारात येण्याच्या अवघे तीन महिने आधी. दोघं एकाच वर्षाचे. त्यामुळे जुन्या मशीनला ‘आधुनिक’ इंटरनेटवर आणलं असं म्हणताना मी जरा अडखळतो. बाहेरची दुनिया बदलली, पण ज्या नियमांवर ती चालते ते नियम या मशीनच्या वयाचे आहेत, आणि मंद यंत्रांचाही विचार करूनच ते लिहिले गेले.

इंटरनेटवर येऊन हे मशीन करतं काय? सगळ्यात शोभून दिसतो तो व्ह्यूडेटा, म्हणजे तारेवरून येणारी अक्षरांची आणि ठोकळ्यांची रंगीत पानं. बीबीसीचा मोड 7 हा टीव्हीवर मजकुराची पानं दाखवणाऱ्या टेलिटेक्स्टसाठीच्या चिपवर चालतो: 40 अक्षरांच्या 25 ओळी, सात ठळक रंग, आणि मेमरी लागते फक्त 1 किलोबाइट. ब्रिटनमध्ये तेव्हा प्रेस्टेल नावाची सेवा अशीच पानं फोनवरून दाखवायची. आज हौशी लोकांनी चालवलेली टेलस्टार ही सेवा तशीच पानं इंटरनेटवरून देते, आणि तिचा पोर्ट क्रमांक (सर्व्हरवरच्या त्या सेवेचा दार-क्रमांक) 6502 आहे, प्रोसेसरच्या नावावरून. 9600 च्या वेगाला एक पान भरायला सेकंदभर लागतो. वरून खाली रंगीत ठोकळे उतरत जाताना बघणं हा वेगळाच आनंद आहे.

मराठी? इथे मी बराच वेळ घालवला आहे. सर्व्हरवरून आलेला ‘मराठी’ हा शब्द आज युनिकोडच्या यूटीएफ-8 मध्ये 15 बाइटचा असतो, आणि बीबीसी त्या 15 बाइटची पंधरा निरर्थक चिन्हं काढतो. इतर मोडमध्ये स्वतःची अक्षरं घडवता येतात, पण 8 बाय 8 ठिपक्यांच्या चौकटीत. शिरोरेषेला एक ओळ, वर वेलांटी-मात्रेला दोन, खाली उकाराला दोन. अक्षराच्या अंगाला उरल्या तीन. तीन ओळींत ‘ठ’ आणि ‘ढ’ वेगळे दाखवणं मला जमलं नाही. शेवटी एका अक्षराला वर-खाली दोन चौकटी दिल्या, तेव्हा वाचता येण्याजोगं मराठी दिसलं.

वेबसाइट मात्र थेट उघडत नाहीत. आजची जवळजवळ प्रत्येक साइट एन्क्रिप्शन, म्हणजे माहितीचं सांकेतिक रूप, मागते, आणि ते गणित 2 मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरला झेपण्यापलीकडचं. साधा अडॅप्टरही ते करत नाही. तारेवरून जातं ते उघडं जातं, म्हणून खरा पासवर्ड इथून कधी टाकू नये. उपाय म्हणजे मध्ये रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा कॉम्प्युटर ठेवायचा. तो साइट उघडतो आणि नुसता मजकूर पुढे देतो. रास्पबेरी पायचा प्रोसेसर एआरएम जातीचा, आणि एआरएमचा जन्म ॲकॉर्नमधलाच. ॲकॉर्नच्या सोफी विल्सन यांनी त्याच्या आज्ञा तपासण्यासाठीचा पहिला नमुना-प्रोग्राम बीबीसी बेसिक या भाषेत लिहिला होता. एप्रिल 1985 मध्ये पहिली एआरएम चिप चालली, ती बीबीसी मायक्रोलाच जोडून. इथरनेट अडॅप्टरच्या अनेक बोर्डांवरही आज एआरएमच असतो. म्हणजे आजीला इंटरनेट वाचून दाखवतेय तिचीच नात.

जोडणी करून पाहिलीत तर एक प्रयोग जरूर करा. लॅपटॉपवर लांबलचक मजकूर पाठवणारा साधा सर्व्हर चालू करा आणि बाजूला वायरशार्क हा पाकिटं दाखवणारा प्रोग्राम उघडून त्यांच्यावर नजर ठेवा. बीबीसीच्या पडद्यावर ओळी वर सरकत असताना कंट्रोल आणि शिफ्ट या दोन कळा एकत्र दाबून धरा. पडदा थांबतो. पाव सेकंदात टाकी भरते. मग लॅपटॉपवर विंडोचा आकडा उतरत जातो आणि वायरशार्क काळ्या पट्टीत लिहितो, झिरो विंडो. कळा दाबून धरलेल्या असेपर्यंत तिकडून फक्त ती चौकशीची छोटी पाकिटं येत राहतात. मग बोटं उचला.