सौरवादळ म्हणजे फक्त ध्रुवांचं दुखणं?

‘सौरवादळ, म्हणजे सूर्याकडून सुटलेल्या विद्युतभारित कणांचा तडाखा, आलं तर ध्रुवांवर रंगीत प्रकाश दिसतो, विषुववृत्ताजवळच्या आपल्याला काय त्याचं!’ हा समज जुना आहे, आणि चुकीचा. २ सप्टेंबर १८५९ च्या महावादळात मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतल्या नोंदीत पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी (नॅनोटेस्ला हे त्या क्षेत्राचं एकक) घसरलं होतं. त्या वादळाची ही नोंद आजही अभ्यासली जाते, म्हणजे पुरावा आपल्याच दारात.

चुंबकीय विषुववृत्त, म्हणजे जिथं पृथ्वीच्या चुंबकीय रेषा जमिनीला समांतर असतात ती रेघ, भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं. केरळमधल्या थुंबा इथं १९६३ साली रॉकेट केंद्र झालं ते त्यामुळेच. तिथं दिवसा पूर्वेकडे रोख असलेलं विद्युतक्षेत्र आयनांबरातले (हवेच्या वरच्या, विद्युतभारित थरातले) आयन आणि इलेक्ट्रॉन वर उचलतं. मग ते चुंबकीय रेषांवरून घसरत उत्तर-दक्षिणेला साचतात, अगदी कारंज्यासारखे. वादळात ध्रुवीय भागातलं विद्युतक्षेत्र काही मिनिटांत विषुववृत्तापर्यंत घुसतं आणि दिवसा हे कारंजं जास्त उंच उसळतं. काही तासांनी मात्र उलटा खेळ सुरू होतो: ध्रुवांकडे तापलेल्या हवेचे वारे इथं पोचतात आणि विद्युतक्षेत्राची दिशाच फिरवू पाहतात. त्यामुळे एकच वादळ आधी कारंजं फुगवतं, मग दाबतं.

जीपीएसचे संदेश याच थरातून येतात, म्हणून वादळात स्थान चुकू शकतं. तुमच्या डोकेदुखीचा मात्र याच्याशी संबंध जोडू नका.